रोज सातला

त्या घराचा जिना वायफायवाला महिन्याभरात तिसऱ्यांदा चढला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात ड्रिल, आणि कंबर सकाळपासून बोलत होती. एकाच घरातून चौथी तक्रार गेली तर साहेब फैलावर घेणार होता. तेव्हा आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून तो आला होता.

सून दारातच उभी होती. "दादा, आता एकदाचं कायमचं करून टाका. बाबांच्या खोलीतलं नेट गेलं की ते फोन घेऊन हॉलमध्ये येऊन बसतात. नणंदेचा व्हिडिओ कॉल रोजचा. मग ना पोरीचा अभ्यास, ना आम्हाला टीव्ही."

त्याने पाठ झालेलं म्हणून दाखवलं. "तीन उपाय आहेत, ताई. आत लावलाय तो रिपीटर. तो सिग्नल झेलून पुढे ढकलतो, पण वेग निम्मा होतो. दुसरा उपाय, खोलीखोलीत एकेक डबा. ते आपसात जोडलेले असतात, पण तुमच्या जाड भिंतींपुढे तेही दमतील. तिसरा, सरळ वायर. दोन भोकं पडतील, पण पुन्हा माझं तोंड बघावं लागणार नाही."

"वायरच टाका," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

सासऱ्यांची खोली पॅसेजच्या पार टोकाला होती. म्हातारबाबा मांडीवर फोन ठेवून खुर्चीत बसले होते. कपाटामागचा रिपीटर मजेत चालू होता. ड्रिल लावण्याआधी त्याने आज पहिल्यांदाच आपल्या मोबाइलवर रिपीटरची महिनाभराची नोंद उघडली. रोज संध्याकाळी सातला बंद, आठला चालू. महिनाभर एका दिवसाचा खाडा नाही. इतकं वेळेवर बिघडणारं यंत्र त्याने आजवरच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

त्याने बटणाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"वायर टाकली की मग बंद पडायला काही निमित्तच उरत नाही, नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, काका."

"इथून बोललो की लेकीला मी एकटा दिसतो. तिकडे बसलो की नात येऊन खेटते, सून मागून चार शब्द बोलते, मुलगा टीव्हीचा आवाज बारीक करतो. फोन ठेवला तरी जरा वेळ कुणी उठत नाही हो."

वायफायवाल्याला आधी रागच आला. यासाठी तीन तीन वेळा जिना चढलो! पण राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो सकाळीच संपला होता. म्हाताऱ्यांचं वाईट वाटलं, तेवढंच उरलं. त्याने ड्रिल खाली ठेवलं.

"ताई, वायर नको," त्याने हाक मारून सांगितलं. "या भिंतीतून विजेची लाइन गेलीय, उगाच धोका. रिपीटरची जागा बदलून देतो."

"मग बंद नाही ना पडणार?"

"पडेल अधूनमधून. संध्याकाळी जरा जास्तच."

तिने सुस्कारा सोडून सही केली. चौथी तक्रार आता ठरलेलीच होती. त्याने रिपीटर कपाटामागून काढला आणि खुर्चीजवळच्या बोर्डावर लावला, म्हाताऱ्यांना वाकावं लागू नये म्हणून.

सात वाजायला पाच मिनिटं होती. म्हाताऱ्यांचा हात बटणाकडे गेला.

"निदान मला जिना तर उतरू द्या," तो म्हणाला.

खाली फाटकाशी भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेताना त्याने मोबाइल पाहिला. रिपीटरचा हिरवा ठिपका विझला. वरच्या खिडकीतून पोरीचा आवाज आला, "आत्या, थांब हं, आजोबा बसतायत! आई, सरक ना जरा."