काटे काढलेला मासा

ताटातल्या माशात आजही एक काटा नव्हता.

दगडूने ताट पुढे सारलं. "चंद्रावती, परत काटे काढलेस?"

"अगो बाय!" ती ओशाळून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हात आपसूक जातोय ओ."

हात कुठे जातोय, हे दगडूला पक्कं ठाऊक होतं. सदूकडे. तिच्या पहिल्या नवऱ्याकडे. सदूला शेवटी शेवटी दिसेनासं झालं, तेव्हा ही शेजारी बसून एकेक काटा वेचून त्याला जेवू घालायची. सदू गेला. दगडूशी लग्न करून ती गोडदेव गावाहून राई गावात आली, त्यालाही दोन वर्षं होत आली. तिची बोटं मात्र अजून सदूच्याच ताटात होती.

दगडूचा नुसता जळफळाट व्हायचा. जन्म खाडीत गेलेल्या माणसाला तान्ह्या पोरासारखं खायला घालायचं? दात शाबूत, डोळे शाबूत. आणि मेलेल्या माणसाशी भांडायला जाणार तरी कुठे?

त्याने स्वतः मागचं सगळं कधीच पुसून टाकलं होतं. पहिल्या बायकोची लुगडी वाटली, पलंग विकला. भिंतीवर तेवढा तिचा फोटो राहिला होता, आणि त्याला रोज फूल वाहायची तीही हीच.

मागे एकदा त्याने अंगणातून "चंद्रावती, चाय टाक" अशी हाक मारली, तेव्हा शेजारची संपदा काहीतरी बोलायला गेली. हिने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. सदूचीच काहीतरी गोष्ट असणार. दगडूला तो चहा गोड लागला नाही.

आज मात्र त्याचा तोल सुटला.

"समोर शेतात टॉवर उभे राहिले, मला सवय झाली का न्हाय? आन् तुला एक ताट शिकता येत न्हाय! डोक्यात सारखा तो सदू!"

डोळ्यांत आलेलं पाणी तिने पदराने टिपलं.

दगडूला वाईट वाटलं, पण माघार कोण घेणार? "माझ्याकडं बघ, चंद्रावती. जुनं विसरायला एवढं जड जातंय?"

"जातंय ओ," ती म्हणाली. मग तिने फोटोवरचं सुकलेलं फूल काढून ताजं वाहिलं. "चंद्रावती ह्या. माझं नाव सुगंधा हाय."