सरळ कोपर

"काका, माझा प्रोग्रॅम कधी चुकतच नाही!" यशोधन म्हणाला.

अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमचे हाडांचे डॉक्टर गुरुदत्तकाका यांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. कॉलेजच्या क्वार्टरबॅकांचे, म्हणजे हाताने बॉल फेकणाऱ्या खेळाडूंचे, व्हिडिओ तपासायचे, ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, सगळ्यात भारी फेकणारा शोधायचा, की नोकरी पक्की.

"किती पास झाले?"

"एकच. बाकी सगळे फेकताना कोपर वाकवतात."

"मग काय दातांनी फेकतील? कशासाठी लिहिला होतास रे हा प्रोग्रॅम?"

"पुण्यात... क्रिकेटच्या बोलर्सचं वाकडं कोपर पकडायला."

काकांनी पास झालेल्याचा व्हिडिओ लावला. "गाढवा, हा तर मित्रांना टाटा करतोय! परवा मीच याचा अख्खा हात प्लास्टरमध्ये घातलाय!"

"काका, रिपोर्ट टीमच्या मालकांकडे गेलासुद्धा."

गुरुवारी टीमने ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत त्या प्लास्टरवाल्याला निवडलं.