एकाच बाजूची धार

"तुम्हीच पत्र धाडून मला शिकवायला बोलावलंत आणि तुमच्याच फाटकावर माझा चाकू काढून घेतलात!" सुगंधाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पंचवीस वर्षं ती आंब्याची कलमं बांधत आली होती, तीही त्याच एका घडीच्या चाकूने.

"नियम आहे, ताई," शेती प्रशिक्षण केंद्राचे साहेब हसले. "चाकू इथूनतिथून सारखेच. हा घ्या माझा, परदेशी आहे." त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून चाकू सोडवला. त्याचं पातं तिच्या चाकूपेक्षा बोटभर लांब होतं, पण फाटकावर साहेबांना सलाम मिळाला होता.

सुगंधाने पातं उघडून नखावर टेकवलं. धार दोन्ही बाजूंनी होती. तिच्या चाकूला धार एकाच बाजूने, म्हणून काप सपाट पडायचा आणि काडी रोपाला घट्ट चिकटायची. या चाकूने मध्ये फट राहणार आणि पंधरा दिवसांत काडी वाळणार.

"झकास आहे, साहेब. पेरू कापून खायला."

शिकायला आलेल्या बाया खिदळल्या. साहेबांचे कान तापले. "फोटोवाला खोळंबलाय, ताई. बांधा कसंही!"

कसंही? आजवर तिनं कुणालाच कसंही कलम बांधून दिलं नव्हतं. तिनं चाकू मिटून टेबलावर आपटला आणि कलमाच्या कुंडीला लावायची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यावर तिचं नाव आधीच छापलेलं होतं.

"काडी वाळली की इथं नाव कुणाचं लावणार, साहेब? माझं की तुमच्या नियमाचं? बोला!"