जानेवारीत येणारा प्रोसेसर

"माझं ऐकाल तर आत्ता घेऊ नका, मावशी," हेन्द्रा म्हणाला आणि प्रोसेसरचं खोकं त्यानं काउंटरवरून आपल्याकडे परत ओढलं. "जानेवारीत नवा येतोय. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

सुमियाती काउंटरची कड धरून उभी होती. समुद्रकाठच्या सेमारांग शहरातल्या या गल्लीत आज भरतीचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे मायलेक चपला हातात घेऊनच आले होते. दुकान दुसऱ्या मजल्यावर. चोवीस वर्षांचा दामर जिन्यात दोनदा थांबला, दोन्ही वेळा मोबाइलवर काहीतरी बघायच्या निमित्तानं. आता तो स्टुलावर बसून आवाज न करता श्वास घ्यायचा प्रयत्न करत होता.

"तेच सांगतोय मी हिला, दादा," तो म्हणाला. "पण आज हिच्या अंगातच आलंय."

त्याचा कॉम्प्युटर सात वर्षांचा होता. मित्रांशी खेळताना ऐन लढाईत पडद्यावरचं चित्र गोठायचं आणि ते हलेपर्यंत त्याचा गडी मेलेला असायचा. मग हेडफोनमधून मित्र ओरडायचे, "उठ रे मढ्या, उठ!" आणि दामर खो खो हसायचा. पूर्वी सुमियातीला या हसण्याचा राग यायचा.

हेन्द्रानं तिला बोटांवर समजावलं. जुन्या मदरबोर्डात बसेल असा एकच वरच्या दर्जाचा प्रोसेसर उरलाय, तो आज टाकता येईल. नाहीतर जानेवारीपर्यंत थांबायचं, आणि नव्या प्रोसेसरबरोबर बोर्ड, मेमरी सगळंच नवं घ्यायचं. "एकदा नवं घेतलं की पुढची सहा-सात वर्षं बघायला नको. हा घेतलात तर आजचं भागेल, एवढंच. मला काय, मी आज विकून मोकळा होईन. पण गिऱ्हाईक वर्षभरानं शिव्या घालतं."

"आजच द्या," सुमियाती म्हणाली.

दामर हसला. "दादा, ही तीच बाई आहे बरं का! गेल्या वर्षी हा डबा गटारात फेकायला निघाली होती. मी दारात आडवा पडलो म्हणून वाचला."

"तेव्हा बोलले असेन. आता घे म्हणते, तर घे ना!"

मंगळवारी इस्पितळात दामर औषधांच्या रांगेत असताना डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. त्याचं हृदय फार मोठं झालंय, म्हणाल्या. औषधानं त्याला जरा बरं वाटेल, तेवढंच. किती दिवस, हे विचारायला सुमियातीला तीनदा तोंड उघडावं लागलं. बाई म्हणाल्या, "वर्षअखेरपर्यंत तो असेल असं धरून चालू नका." बाहेर येऊन तिनं दामरला सांगितलं, अशक्तपणा आहे, अंडी खा.

"आई, चार महिने कसे जातील ते कळायचंही नाही," दामर समजुतीच्या सुरात म्हणाला. "तोवर तुझं शिलाई मशीन दुरुस्त करू. जानेवारीत मी स्वतः येऊन घेतो."

"मशीन मरू दे."

"अगं पण घाई कसली? जानेवारीत..."

"जानेवारी, जानेवारी!" ती एकदम किंचाळली. "कुणी बघितलीय जानेवारी?"

पलीकडं कीबोर्ड चाचपणारी मुलगी वळून बघायला लागली. सुमियातीनं ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. "म्हणजे... भाव वाढले तर, असं म्हणायचं होतं मला," ती घाईघाईनं म्हणाली.

"छे हो, भाव उलट..." हेन्द्रा बोलता बोलता थांबला. त्यानं एकदा आईकडं बघितलं, एकदा मुलाकडं, आणि उगाचच काउंटर पुसायला घेतला.

दामर आईकडं बघत होता. ती भिंतीवर टांगलेल्या वायरींकडं बघत होती. त्याची नजर आपल्या गालावर आहे हे तिला कळत होतं, पण मान वळवायची हिंमत होत नव्हती. मग त्यानं छातीत दाबून ठेवलेला श्वास सोडला. तो आवाज दुकानभर ऐकू आला. या वेळी त्यानं तो लपवला नाही.

"आजच द्या, दादा," तो म्हणाला. "जुन्या बोर्डात बसतो तोच."

"बघ बाबा. याच्यापुढं त्या बोर्डात काही बसणार नाही."

"चालेल."

"सगळं नवं घे ना रे," सुमियाती म्हणाली. "बोर्डसुद्धा घे. आज मिळतंय तेच घे, जानेवारीचं कशाला? आणलेत मी पैसे."

"पुरे, आई." जेवताना वाढणाऱ्याला थांबवायला ताटावर धरतात तसा त्यानं हात आडवा धरला. "एवढं पुरे मला."

हेन्द्रानं खोकं उघडलं, आतला चौकोनी तुकडा दाखवला, पुन्हा बंद केलं. मग खणातून एक छापील कार्ड काढलं.

"तीन वर्षांची वॉरंटी आहे. काही झालं तर हे कार्ड घेऊन यायचं. नाव तुझंच घालतो ना?"

"नको," दामर म्हणाला. "आईचं घाला."

हेन्द्राचं पेन कार्डावर टेकलं आणि तसंच राहिलं. मग त्यानं हळूच विचारलं, "मावशी, पूर्ण नाव?"

सुमियातीनं ओढणीचं टोक पुन्हा तोंडाशी नेलं. दामर काउंटरवर वाकला आणि आईच्या नावाचं एकेक अक्षर सांगू लागला. सावकाश, नीट, मध्ये मध्ये थांबून. हेन्द्राच्या हातून एकही चुकू नये म्हणून.