वेगाची मूठ

चहा घेऊन उल्का दुकानाच्या दारात आली आणि तिथेच थबकली. तिचे सासरे, आप्पा, लेथच्या मोटारीची सकाळची पूजा करत होते. हळदकुंकू वाहून झालं, फूल ठेवून झालं. मग त्यांनी ओल्या फडक्याने वेग कमी-जास्त करायची मूठ खसाखसा पुसली. पुसता पुसता ती सरकत पार उजव्या टोकाला गेली. आप्पांनी डोळे मिटून हात जोडले आणि आत निघून गेले.

कपातला चहा उल्काच्या हातावर सांडला.

तांब्याचे हंडे घोटायचा हा लेथ जुना, त्याची मोटारही जुनी डीसी. मूठ डावीकडे असली की मोटार सावकाश फिरते, उजवीकडे नेली की सुसाट. सुरू करताना मूठ डावीकडेच हवी, हे कसब्यातल्या या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याने, श्यामसुंदरने, सकाळच्या घाईत न बघता मोटार लावली. हंडा निसटला तो थेट छातीवर बसला.

तेव्हापासून लेथवर धाकटा दीर वैजनाथ बसायचा. संध्याकाळी तो मूठ डावीकडे करून जायचा, सकाळी ती उजवीकडे. दादाच येतो, असं तो म्हणायचा. उल्कालाही ते पटलं होतं. खरं तर बरंच वाटायचं. भूत होऊन का होईना, माणूस घरी येत होता.

आता तेही संपलं. त्या सकाळी मूठ उजवीकडे कशी गेली होती, तेही आजच कळलं.

वैजनाथ आला. मूठ पाहून त्याचा चेहरा उतरला. हा लेथ आजच भंगारात घालू, नाहीतर कुणाला तरी बोलावून दादाला शांत करू, असं तो पुटपुटला. आवाज ऐकून आप्पाही बाहेर आले.

"तुम्हीच सांगा वहिनी, दुसरं कोण सरकवणार?"

उल्काने आप्पांकडे पाहिलं. त्यांची बोटं अजून हळदीने पिवळी होती.

"हेच येतात, भाऊजी," ती म्हणाली. "मी पाहिलंय. आधी मूठ बघ, मग मोटार लाव, एवढंच तुम्हाला सांगायला येतात."

वैजनाथने मूठ डावीकडे ओढली, दोनदा तपासली आणि मोटार लावली. ती हळूहळू फिरायला लागली.

आप्पा उल्काजवळ आले.

"माझ्याबद्दल काही म्हणतो का गं?"

"नाही आप्पा. रागावलेले दिसले नाहीत."