शिंगांच्या बांगड्या

"शेगडी विझव," खुशालराव म्हणाले.

हलीमाबीनं मान वर केली नाही. तिच्या एका हातात बैलाचं शिंग होतं आणि दुसऱ्यात लाखेची कोमट बांगडी, आणि बैल काही खुशालरावांचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा नव्हता. बांगडी शिंगावर सरकवून, बुडाशी घट्ट बसवून, मग ती म्हणाली, "कावून?"

"ओटा माहा हाय म्हणून."

हे खरं होतं. गावच्या बाजारात छपराखालचा तेवढा एकच ओटा, आणि तो खुशालरावांचा. हलीमाबी मन्यारीण सासूच्या काळापासून तिथं बसून बायांना बांगड्या भरत आली होती. पावसाळ्यात उघड्यावर शेगडी टिकत नाही. ओटा गेला की धंदा गेला, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

सातासमुद्रापलीकडे कुणीतरी कुणाशी लढत होतं, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कुणाची, हे खुशालरावांना ठाऊक नव्हतं. ती लवकर मिटू नये म्हणून त्यांनी मारुतीला नारळ मात्र वाढवला होता. दमणीच्या चाकांना त्यांनी चांदीच्या धावा बसवल्या होत्या, आणि चांदी झिजू नये म्हणून ते दमणीच्या शेजारून पायी चालत. शेतंच्या शेतं कापूस उचलायची सवय लागलेली; पोळा आला तसं त्यांनी अमरावतीच्या बाजारातलं शिंगांना चिकटवायचं सगळं बेगडही उचललं. गावात चमकायची ती एकट्या खुशालरावांच्या बैलांची शिंगं.

आता पोळा हा काही हलीमाबीचा सण नव्हे. पण गावच्या बैलांनी वर्षाच्या सणाला बोडक्या शिंगांनी तोरणाखाली उभं राहावं, हे तिच्या हाताला पटेना. अमरावतीत कापसाच्या साहेबांच्या बंगल्यामागं रिकाम्या बाटल्यांचा उकिरडा होता. तिथून तिनं हिरव्या-तांबड्या काचा वेचून आणल्या, चहाच्या पेटीतलं चकचकीत शिशाचं पान आणलं. बायांनी घरोघरचे बांगड्यांचे तुकडे पदरात बांधून दिले. पळसाची लाख तापवून तिनं कडी वळली आणि वर ही सगळी अडगळ चेपून बसवली. शिंगाचं माप घेणं तिला मनगटापेक्षा सोपंच गेलं. बैल निदान 'अजून थोडी लहान दाखव' म्हणत नाहीत.

ओट्यासमोर रांग लागली होती. पुढं पार्बताबाई. नवरा तापानं पडला म्हणून जोडी तीच घेऊन आली होती.

खुशालरावांनी रांग पाहिली आणि हसले. "बैलाले बांगड्या! आता कुकू लावा, अन् लुगडं नेसवा."

"कुकू तं आज बैलाले लागतेच, भाऊ," पार्बताबाई म्हणाली. "लुगड्याचं तुमी पाहा."

रांगेत दोघातिघांना एकदम खोकला आला.

खुशालरावांचे कान लाल झाले. "हलीमाबी, शेवटचं सांगून राहिलो. आणखी एका शिंगाले तुहा हात लागला, तं उद्यापासून हा ओटा तुहा नाही."

हलीमाबीनं हातातलं शिंग सोडलं. पार्बताबाईचा चेहरा पडला. तिच्या बैलाचं एक शिंग झगमगत होतं आणि दुसरं बोडकं होतं.

"उद्याची वाट कावून पाहाची?" हलीमाबी म्हणाली. हाताला चिंध्या गुंडाळून तिनं फुललेल्या निखाऱ्यांसकट शेगडी उचलली, पायऱ्या उतरली आणि ती भर रस्त्यात ठेवली. "हा रस्ता कोनाचा हाय, भाऊ?"

"सरकारचा."

"मंग झालं. पार्बता, आण वं दुसरं शिंग."

रांग तिच्याभोवती वळली आणि रस्ता बंद झाला. तेवढ्यात डफडं वाजवत खुशालरावांची मानाची जोडी आली. ती तोरणाखाली पोचल्याशिवाय पोळा फुटत नाही. कासरा सालदार नत्थुजीच्या हातात. समोर शेगडी, शेगडीमागं हलीमाबी, तिच्यामागं गावभरचे बैल. नत्थुजी थांबला.

"थांबला कावून?" खुशालराव ओरडले. "हाक! उठन आपोआप."

"हाकतो ना, मालक. पन पहिले यायच्या शिंगाचं पाहू द्या."

"शिंगाले काय झालं? चार थर बेगड हाय!"

"होतं," नत्थुजी म्हणाला. "खळीत तुमी गूळ टाकाले लावला, चांगलं चिकटन म्हणून. सकाळपासून एकमेकांची शिंगं चाटून राहिले दोघं."

सगळ्यांनी पाहिलं. डावीकडच्या बैलाचं एक शिंग पार उघडं पडलं होतं. उजवीकडच्याची जीभ मात्र झळाळत होती.

डफडं आपसूक बंद झालं. नत्थुजीनं उरलंसुरलं बेगड नखानं सोलून काढलं आणि तो चोळामोळा हलीमाबीपुढं धरला.

"काचेखाली घालाले चालन का वं, बाई?"

हलीमाबीनं ते बोटांवर उलगडून पाहिलं. "चालते. धुवून घे, अन् रांगेत उभा राय."

नत्थुजी मानाची जोडी वळवून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मालकांकडे त्यानं पाहिलं नाही.

तोरणाखाली भटजी ताटकळले होते. खुशालराव रस्त्याकडेला उभ्या आपल्या दमणीच्या चांदीच्या चाकाला टेकले. मग जवळ आले आणि, कुणी ऐकू नये अशा बेतानं, म्हणाले, "हलीमाबी, चाल, वर बस. ओट्यावर. उद्याबी बस. रस्ता तेवढा मोकळा कर."

हलीमाबीनं फुंकणी उचलून निखारे फुलवले.

"पेटती शेगडी हालवू नाही, भाऊ," ती म्हणाली, आणि पुढच्या शिंगाला हात घातला.