शेवटचा दरोडा

"अहो, बँकेकडे वळा की आता. किती दिवस बंदरावरच गाडी फिरवताय?" पडद्यावरची मालन वैतागली.

मालनला जाऊन अकरा महिने झाले होते. नवरा-बायको मिळून हा गेम खेळायचे, त्यावरून तो तिचं बोलणं-वागणं शिकला होता. दरोड्याचं शेवटचं मिशन पुरं झालं की पडद्यावरचा जोडीदार पुसला जाणार होता. म्हणून रघुवीर ते टाळत होता.

"पोलिसांना घाबरलात होय?"

"हो."

"सरका मग. मी चालवते."

मालनने कधी ताटात शीत टाकलं नव्हतं, की काम अर्धवट सोडलं नव्हतं. तो सरकला.

दरोडा सहज झाला. पूल ओलांडताना ती खुशीत म्हणाली, "बघा, उगाच घाबरलात. आता कुठं जायचं?"

"घरी," रघुवीर म्हणाला, तोवर पडद्यावर अभिनंदन आलं होतं.